हवालदार आणि बाईसाहेब

७ ऑगस्ट

ठमीस,

मायना काय घालावा यातच चहा गार झाला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तेही तुझ्या आईनं ठेवलेलं. माझ्या तोंडून ते तुला कधी फारसं रुचलं नाही, ठाऊक आहे. पाकिटावर खरं नाव आहे, आत हे चालवून घे.

दोघंही जिवंत आहेत. हे आधी सांगतो, कारण तू पाकीट फोडशील ते एवढ्याचसाठी.

फोन केला असता, पण तुमच्या डोंगरावरच्या कीटक केंद्रात म्हणे तो लागतच नाही, आणि लागला तरी मला काय डोंबल ऐकू येणार. वखारीतल्या करवतीनं डावा कान केव्हाच खाल्लाय. उजव्यात फोनवरचं बोलणं म्हणजे नुसती खरखर. तेव्हा पत्र. सामानाची जीप पंधरवड्यानं वर जाते, तिच्यातूनच टपाल जातं असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

तर खुशाली. पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला तुझा काळा भुंगेरा, त्याला मी हवालदार म्हणतो. दिवसभर सालीच्या तुकड्याखाली पडून असतो आणि दिवेलागणीला गस्तीवर निघतो. पेटीच्या कडेकडेनं फिरतो, मध्येच थांबतो, कुणाला नावगाव विचारत असल्यासारखा. ती हिरवी प्रार्थनाकीटक, काडीला उलटी लटकणारी, ती बाईसाहेब. हात जोडून बसलेली असते, पण नजर अशी की हात आपणच जोडावेत.

काचेवर चिकटवलेल्या सूचना पाळतोय. भुंगेऱ्याला मांसाचा तुकडा चालेल, प्रार्थनाकीटकाला हलणारंच भक्ष्य हवं, पाणी शिंपडायचं, भुंगेऱ्याचं झाकण काढताना तोंड जवळ न्यायचं नाही. दोन-तीन महिन्यांत तुमच्या विभागातलं कुणी येऊन दोघांना घेऊन जाईल, असंही तू लिहिलंयस.

खरं सांगायचं तर तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मनात आलं होतं, दोन्ही पेट्या गच्चीवर नेऊन उघडाव्यात, कटकट मिटली. मला किड्यांची हौस नाही. वखारीत किडा म्हणजे लाकडाचा नास. दिसला की अंगठ्याखाली, जन्मभर हेच केलं. पण तुझी आई शेवटचे महिने त्या खिडकीकडेच तोंड करून पडून असायची, पेट्यांकडे बघत. पेट्या काढल्या तर तिथे नुसते गज उरतात.

तू जाताना दारात जे बोललीस, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

ओंडक्यांच्या सालीखाली अळ्या सापडतात, त्या हल्ली चिरडत नाही. डबीत घालून घरी आणतो. मालकांनी विचारलं, डबीत काय? म्हटलं, पाहुण्यांचं जेवण.

काका


२८ ऑगस्ट

ठमीस,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणजे दोन ओळी. 'कोण किती खातं, कसं पकडतं ते नीट बघून लिहा. तुलना हवी आहे.' साहेबांचा हुकूम आल्यासारखं वाटलं. पण कामाचं सांगितलंस ते बरं केलंस. वखारीतून आल्यावर हल्ली मला काम नसतं. दोन भांडी घासली की संध्याकाळ सगळी समोर उभीच.

तर तुलना.

हवालदार धावून पकडतो. अळी टाकली की आधी मिश्या हलवत वास काढतो, आणि एकदा का लागला माग, की सुटलाच. चुकला तर गरकन वळून पुन्हा. जबडा म्हणजे आमची खिळे उपटायची पक्कड. आणि पोट भरलं तरी थांबणं नाही. तीन अळ्या टाकल्या तर एक खाल्ली, बाकीच्या दोघींना उगीच मारून ठेवलं. सकाळी बघतो तर स्वारी सालीखाली ढाराढूर.

बाईसाहेब हलत नाहीत. दिव्यापाशी एक पतंग पकडून आत सोडला. तो काचेवर फडफडतोय आणि ही आपली काडीसारखी. फक्त मान फिरते. ठमे, ती मान फिरवून माणसाकडे बघते तेव्हा कसंसंच होतं. घरात दुसरं कुणी मान फिरवून बघणारं नाही म्हणून असेल. मी स्टूल घेऊन बसलो. चहाचा घोट घ्यायला मान खाली घातली आणि वर केली, तोवर पतंग तिच्या हातात. कणीस धरावं तसा दोन्ही हातांत धरून डोक्यापासून खाल्ला. पंख तेवढे खाली टाकले. मग मांजरासारखे हात चाटून साफ केले. एवढ्यावर तिचे दोन दिवस निघाले.

मेलेला किडा देऊन पाहिला, तर ढुंकून बघितलं नाही. चिमट्यात धरून हलवला तर घेतला. फसली बिचारी. मला उगीच अपराध्यासारखं वाटलं.

कोण जास्त उपयोगी, असं तुझ्या मनात असेल तर माझं मत हवालदाराला. शेतात अळी पडली तर ह्याला सोडावं. बाईसाहेबांना आपलं-परकं नाही, मधमाशी आली तर तीही गट्टम. पण घरात बसून बघायला बाईसाहेब बऱ्या. तुझी आई उलट म्हणायची. तिला हवालदार आवडायचा. म्हणायची, निदान हा चालतो-फिरतो तरी, तुम्ही दोघं नुसते बसता. दोघं म्हणजे मी आणि बाईसाहेब.

आमच्या मुकादमाला तुलनेबद्दल सांगितलं, तर तो म्हणाला, कशाला एवढं लिहीत बसतोस, दोघांना एका पेटीत घाल, चहा संपायच्या आत तुलना होऊन जाईल. सगळी वखार हसली. मुकादम हवालदारावर पैज लावायला तयार आहे.

एक शंका. तुझ्या आईनं एकदा बाईसाहेबांकडे बघून विचारलं होतं, हिला कान असतात का हो? तुला विचारायचं राहून गेलं असेल. सवडीनं लिही.

काका


२५ सप्टेंबर

ठमीस,

एकच कान, आणि तोही छातीत! मी ते खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुमच्यापेक्षा बरं, तुमचा एक धड आहे तो कुठे ठेवता कोण जाणे, मी जिन्यातून हाका मारून थकते. तू लिहिलंस की वटवाघूळ जवळ आलं की तिला त्या कानानं कळतं आणि ती उडता उडता खाली पडते. वाचून फार बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही.

आता एक सांगायचंय, रागावू नकोस. तुमच्या विभागातले ते चष्मेवाले येऊन गेले. पेट्या न्यायला आले होते, सोबत थर्माकोलचा खोका वगैरे. माणूस सज्जन. चहा घेतला, हवालदाराचं कौतुक केलं, इतका धष्टपुष्ट कधी पाहिला नाही म्हणाले. मी त्यांना म्हटलं की बाईसाहेबांनी खाणं सोडलंय, पाठीवर पंखांचे कोंब फुगलेत, कात टाकायच्या बेतात आहे, अशा वेळी हलवली तर अर्ध्यात अडकून मरेल असं तुम्हीच लोक म्हणता ना. ते म्हणाले, बरोबर आहे, मग भुंगेरा तेवढा नेतो. मी म्हटलं, एकेकटं कशाला, पुढच्या महिन्यात दोघांना एकदमच न्या. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि खोका काखेत मारून गेले.

कात टाकायला आली होती हे खोटं नव्हतं. परवा दुपारी टाकली. त्या दिवशी मी खाडा केला. मालकांना सांगितलं, घरी अडचण आहे. उलटी लटकून पाठीतून हळूहळू बाहेर आली, ओल्या कागदासारखी. मग पंख उलगडत गेले. तू शंभर वेळा पाहिलं असशील. मी पहिल्यांदाच. बाजूला कुणाला तरी सांगावं म्हणून मान वळवली.

तर आता ती मोठी झालीये, पंखवाली, आणि हलवायला हरकत नाही. हे मी चष्मेवाल्यांना कळवलेलं नाही. तू कळवलंस तर माझी ना नाही. पण दोघं गेल्यावर तुला काय लिहू, याचा मी विचार करून बघितला, आणि वखारीतल्या लाकडांखेरीज काही सुचलं नाही. साग महागलाय.

काका


१६ ऑक्टोबर

ठमीस,

अक्षर वेगळं दिसेल. ते शिवणवाल्या वहिनींचं. मी सांगतोय आणि त्या लिहितायत. घाबरण्यासारखं काही नाही. हवालदारानं माझ्या डोळ्यात पिचकारी मारली. चूक माझीच, तोंड जवळ न्यायचं नाही हे तू लिहून ठेवलंच होतंस. झाकण काढताना जरा वाकलो आणि ते तिखट पाणी सरळ उजव्या डोळ्यात. डोळा धुतला, दवाखान्यात गेलो, डॉक्टरीण बाईंनी औषध घालून पट्टी बांधली. आठवडाभरात उघडतील. दोघंही सुखरूप आहेत. बाईसाहेब आता पोटानं चांगल्या जाड झाल्यात. हवालदाराला अजून राग आहे, सालीखालून बाहेर येत नाही.

पट्टी निघाली की पुढची तुलना पाठवतो. तुझ्या कामाचा खोळंबा होतोय त्याबद्दल वाईट वाटतं.

काका

ता. क. आता हे माझं स्वतःचं, भाऊजींना न वाचून दाखवता लिहितेय. ते म्हणतात चुकून झालं, तसं काही नाही. रविवारी तो वखारीतला मुकादम आणखी दोघांना घेऊन वर आला होता. भाऊजी आत चहा टाकत होते तेवढ्यात त्यानं भुंगेरा चमच्यानं उचलून हिरव्या किड्याच्या पेटीत टाकला. पैज लागली होती. भाऊजी धावत आले आणि सरळ हात घालून त्या भुंगेऱ्याला बाहेर काढलं. हातावर चावला, डोळ्यात उडवलं, तरी सोडला नाही. मी आरडाओरडा ऐकून वर गेले. एवढी वर्षं शेजारी आहे, भाऊजींचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मुकादमाला म्हणाले, 'ते माझ्याकडे ठेवायला दिलेत. माझे नाहीत.' तेवढंच, पण असं म्हणाले की तिघं चपला हातात घेऊन जिना उतरले.

दुसरं. भाऊजींच्या डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे. तुला ठाऊक नसणार, ते कुणाला सांगत नाहीत. म्हणजे पट्टी आहे तोवर त्यांना काहीच दिसत नाही. आणि जेवण म्हणशील तर त्या किड्यांचं वेळच्या वेळी होतं, यांचं मी बघितलं तर होतं. तुझं-त्यांचं काय झालंय ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण तुझं पत्र आलं की ते आधी खिशात घालून दिवसभर वखारीत फिरवतात आणि संध्याकाळी उघडतात. दोन ओळींचंच असतं, तू जरा जास्त लिहीत जा.


९ नोव्हेंबर

ठमीस,

चार पानं आली. पहिली दोन माझी खरडपट्टी आणि तिसरं मोतीबिंदूवर. वहिनींनी पोटात काही ठेवलं नाही हे लक्षात आलं. त्यांच्याशी तीन दिवस बोललो नाही, चौथ्या दिवशी शर्टाचं बटण तुटलं.

उजवा डोळा ठीक आहे. जरा लाल आहे, एवढंच. वखारीत मुकादम समोरून गेला की मान खाली घालतो. मालकांनी त्याला विचारलं म्हणे, किड्यांच्या झुंजी लावायला पगार घेतोस का.

बाईसाहेबांनी काडीवर फेसासारखं काही घातलं आणि ते वाळून घट्ट झालं. मी मधे कार्ड टाकून चौकशी केली होती, त्याचं उत्तर तू चौथ्या पानावर दिलंयस. नर नव्हताच, त्यामुळे ती अंडी पोकळ, त्यातून काही निघणार नाही. बरं. पण किती निगुतीनं बांधलंय ते. सारख्या रुंदीचे थर, एकाला एक जोडून. आमच्या सुतारांना दाखवायला हवं. हे बांधल्यापासून ती खाली खाली येतेय, काडीवरची पकड सुटते. तू लिहिलंस तसं तिचं आयुष्यच तेवढं, आणि हवालदार आणखी दोन वर्षं काढेल. मी तिला पाणी थेंबाथेंबानं पाजतो.

आता मुद्द्याचं. तू रजा काढून येतेस म्हणतेस, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला. येऊ नकोस. रस्ता वाईट आहे असं तूच लिहितेस, जीप पंधरवड्यानं एकदा, वर नवी नोकरी. मोतीबिंदू काही पळून जात नाही. वहिनी आहेत. मालकही म्हणालेत, कुणाला तरी सोबत पाठवतो. शिवाय तू दारात म्हणाली होतीस की आता या घरात तुझं काय उरलंय. त्या बोलण्यावर तू राहावंस असं मला वाटत नाही, पण बोललेलं शिळं व्हायच्या आत केवळ माझ्या डोळ्यासाठी यावंस असंही वाटत नाही.

येणारच असशील तर तुझं जाड पांघरूण दोन दिवस उन्हात घालून ठेवलंय. कपाटाच्या वरच्या खणात आहे.

काका


१४ डिसेंबर

ठमीस,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. डोळा चांगला आहे. एवढा चांगला की भिंतींचा रंग बघून लाज वाटली.

तू इथे होतीस तेव्हा मी धड काही बोललो नाही. समोर माणूस असलं की मला जमत नाही, आणि तू तर मला बोलताना बघत बसतेस. म्हणून जे तेव्हा म्हणायचं होतं ते आता लिहितो.

आधी दवाखान्याचं. नर्सनं मला विचारलं, आजोबा, या कोण तुमच्या? आणि मी म्हणालो, यांचे किडे आहेत माझ्याकडे सांभाळायला. ती हसली, मलाही वाटलं बरं सुटलो. मग बसथांब्यावर, माझ्या डोळ्याला पट्टी, तू बस येते का ते बघायला तोंड फिरवलेलं, तुझा चेहरा दिसत नव्हता, आणि तू म्हणालीस, 'एवढंच? किडे? दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?' मी खिशात तिकिटाचे सुटे पैसे शोधत राहिलो. तुला वाटलं असेल मला ऐकू आलं नाही. आलं होतं, तू उजव्या बाजूला होतीस. ठमे, मला पुष्कळ सुचलं होतं. पण तू नववीत होतीस तेव्हा तुझ्या आईनं मला या घरात आणलं. त्या दिवशी तू मला सांगितलं होतंस की मी तुम्हाला काका म्हणेन, त्याच्यापुढे काही म्हणायला लावू नका. मी कबूल केलं. कबूल केलेलं आहे, तर नर्ससमोर एकट्यानं कसं मोडू? तू रागावशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. घरी येईपर्यंत तू माझा दंड धरून चाललीस. जिन्यात म्हणालीस, 'पुढच्या वेळी नीट सांगा.' पुढच्या वेळी म्हणजे दुसरा डोळा काय?

आता त्या संध्याकाळचं. बाईसाहेब पेटीच्या तळाशी पडल्या होत्या, पाय हलत होते. तू पेटी मांडीवर घेऊन बसलीस आणि माझ्याकडे न बघता विचारलंस, 'आई शेवटी काय म्हणाली?' जूनमध्ये विचारलंस तेव्हा मी 'काही नाही' म्हणालो होतो. तू तेव्हा मुलाखतीला गेली होतीस, दोन दिवसांसाठी. तिनंच पाठवलं होतं, आणि नेमकं त्याच दोन दिवसांत व्हायचं होतं ते झालं. माझ्या 'काही नाही'चा अर्थ तू असा लावलास की ती बोलली ते मी माझ्यापाशीच ठेवलंय, तुला द्यायचं नाही. म्हणून दारातलं ते सगळं.

मी तुला सांगितलं की ती बोलली होती. पुष्कळ बोलली. मी तिला टेकवून धरलं होतं आणि तिचं तोंड माझ्या डाव्या खांद्याशी होतं. ओठ हलताना मानेला लागत होते. शब्द एकही आला नाही. कूस बदलून उजव्या बाजूला घ्यावं तर तिला हलवायची भीती वाटली. मग ती थांबली. एवढी जवळ असून मला काही कळलं नाही, हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? त्यापेक्षा काही नाही म्हणालो.

तू बाईसाहेबांच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब धरलास. मग विचारलंस, 'तिला ठाऊक होतं ना तुमचा कुठला कान गेलाय ते?'

'तिला नाही तर कुणाला,' मी म्हणालो.

'मग त्याच बाजूनं का बोलली?'

ठमे, या प्रश्नावर मी सहा महिन्यांत एकदाही आलो नव्हतो. मला वाटत होतं, दैव खोटं. आणि मग तू सांगितलंस, की तू लहान असताना ती तुझ्याशी असंच करायची. दिवसभर धपाटे आणि कामं सांगणं, आणि तू डोळे मिटून पडलीस की शेजारी बसून बोलत राहायची. तू झोपलीस असं तिला वाटायचं. कधी तू खरंच झोपलेली असायचीस, कधी नसायचीस. जे मोलाचं असेल ते तिला समोरच्यानं ऐकलेलं नको असायचं. तू ते सांगताना हसत होतीस आणि डोळे पुसत होतीस.

मला एकदम आठवलं. जेवायला बसलो की ती माझ्या डाव्या बाजूला बसायची. रोज. मी म्हणायचो, इकडे बस, ऐकू येतं. म्हणायची, मला वाढायला सोपं पडतं. आणि भाकरी मोडता मोडता तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललेलं असायचं. मला वाटायचं माझ्याबद्दल कुरकुर करतेय. असेलही. थोडी कुरकुर असणारच. पण सगळीच नसेल ना?

तू म्हणालीस, 'मी तिथे असते तर ती बोललीच नसती, काका. मला सगळं ऐकू येतं.' मी उठून चहा टाकायला गेलो आणि आत उभा राहिलो. पाणी आटून गेलं.

बाहेर आलो तेव्हा बाईसाहेबांचे पाय थांबले होते. तू पेटी खाली ठेवली नव्हतीस.

काका


६ जानेवारी

ठमीस,

चष्मेवाले काल येऊन हवालदाराला घेऊन गेले. मीच त्यांना कार्ड टाकून बोलावलं होतं. तुमच्या विभागात त्याला मोठी पेटी आहे, माती आहे, सोबतीला आणखी तिघं आहेत असं ते म्हणाले. भुंगेऱ्याला सोबत लागते का ते मला माहीत नाही. खोक्यात घालताना त्यानं पिचकारी मारली नाही. ओळख ठेवली म्हणायची, की म्हातारा झाला, कोण जाणे. जाताना चष्मेवाल्यांनी विचारलं, पेट्या नेऊ का? मी म्हटलं, न्या.

तेव्हा तुलना संपली. आज कळवण्यासारखं काही नाही. खिडकीत गज आहेत, त्यांच्यापलीकडे समोरच्या घराची गच्ची, तिथे कुणाचे तरी कपडे. संध्याकाळी मी दोनदा झाकण काढायला उठलो. सवय, दुसरं काय. वहिनी म्हणतात, एखादं मांजर पाळा. मी म्हटलं, बघू. घर मोठं नाही, पण संध्याकाळी मोठं होतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तू खुशाली विचारतेस, तर आहे ते असं आहे.

एप्रिलमध्ये या, महिनाभर राहा, केंद्रामागच्या झोपड्यांची दारं सगळी किड्यांनी खाल्लीत आणि तिकडे धड सुतार मिळत नाही, असं तू लिहिलंस. ते पत्र मी नेहमीसारखं दिवसभर खिशात घातलं नाही. जिन्यातच उघडलं. मालकांकडे रजा मागायला गेलो तर ते घाबरले. त्यांना वाटलं मी काम सोडतोय. म्हणाले, डोळ्याचं सोडलं तर तू कधी रजा मागितल्याचं आठवत नाही, कुठे निघालास? मी म्हणालो, मुलीकडे.

तोंडातून निघून गेलं. तू तिथे नव्हतीस, तुला न विचारता बोललो, म्हणून कळवतोय. चालत नसेल तर तसं लिही, मी मालकांना काहीतरी दुसरं सांगेन.

माझा पटाशीचा संच आणि छोटा रंधा आणतो. तिकडे लाकूड कुठलं आहे, ओलं की मुरलेलं, ते आधी कळव. दारांची उंची-रुंदीही. थंडी किती असते? तू जेवतेस कुठे, काय जेवतेस, रात्री केंद्रात एकटी असतेस का? एवढ्या पत्रांत मी हे विचारलंच नाही.

आणि गाडी कुठे बदलायची, कुठल्या फाट्यावर उतरायचं, जीप कुठे उभी असते ते नीट लिही. कंडक्टर ओरडून सांगेल, वाटेत कुणालाही विचारा, असलं काही नको. मला ऐकून भलतंच कळतं. कागदावर लिही, ठळक अक्षरात, म्हणजे मी येईन.

काका